नोकरीच्या दारापर्यंतची सोबत : मनोविकारग्रस्तांच्या रोजगार-साहाय्यकाच्या भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना

गंभीर मनोविकारातून सावरणाऱ्या व्यक्तीच्या पुनर्वसनाचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. एक अंग औषधोपचाराचे आणि दुसरे कुटुंबाने वाहिलेल्या शुश्रूषेच्या भाराचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याची काळजी वाहणारी बहीण यांचे नाते मराठी प्रेक्षकांसमोर आणले. या आजाराविषयी घराबाहेर बोलण्यास त्यामुळे काही वाव मिळाला. मात्र लक्षणे आटोक्यात आल्यानंतर अशा व्यक्तीने दिवसभर काय करावे, कोठे काम करावे आणि त्या कामापर्यंत तिला कोणी न्यावे, हा तिसरा प्रश्न बहुतांशी अनुत्तरितच राहिला आहे. घरातील माणसे ‘आता कामाला कधी लागणार?’ असे विचारतात. डॉक्टर ‘अजून थोडे थांबा’ असे सांगतात. आणि या दोन वाक्यांच्या दरम्यान अनेकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे निघून जातात.

अमेरिकेत गेल्या काही दशकांत या प्रश्नाच्या उत्तरादाखल एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. मनोविकारग्रस्त व्यक्तीला खुल्या बाजारातील नोकरी शोधण्यास, मिळविण्यास आणि टिकविण्यास मदत करणाऱ्या या कार्यकर्त्याला तेथे ‘एम्प्लॉयमेंट स्पेशालिस्ट’ म्हणतात. ‘रोजगार विशेषज्ञ’ हा त्याचा शब्दशः पर्याय अवजड वाटतो आणि ‘रोजगार सेवक’ म्हटले तर रोजगार हमीच्या कामांवरील ग्रामरोजगार सेवकाची आठवण होते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘रोजगार-साहाय्यक’ ही संज्ञा वापरली आहे. या व्यवसायाची पद्धती डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी ‘अ वर्किंग लाइफ फॉर पीपल विथ सिव्हिअर मेंटल इलनेस’ (२००३) या ग्रंथात मांडली आहे. ती पद्धती, तिच्या समर्थनार्थ पुढे आलेले संशोधन आणि भारतीय संदर्भात तिची उपयुक्तता यांचा परामर्श येथे घेतला आहे. या पद्धतीने पुनर्वसनाचा क्रम उलटा करून मोठे काम केले. परंतु ज्या मानवी कौशल्यावर ती उभी आहे ते तिच्या मोजमापात पुरेसे उतरत नाही. भारतात तर कायद्याने नोकरीतील जागा राखून ठेवली असली, तरी त्या जागेपर्यंत सोबत करणारा माणूस कोणत्याही यंत्रणेत नेमलेला नाही. हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मनोविकारग्रस्तांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचे सूत्र ‘आधी प्रशिक्षण, मग नियुक्ती’ असे होते. रुग्णाने प्रथम दिवस-केंद्रात किंवा संरक्षित कार्यशाळेत यावे, वेळेवर येणे, सूचना पाळणे, सहकाऱ्यांशी बोलणे यांचा सराव करावा आणि तयारी पूर्ण झाली असे तज्ज्ञांना वाटले की मगच बाहेरच्या जगात पाऊल टाकावे, अशी त्यामागील कल्पना होती. ही कल्पना वरवर पाहता सयुक्तिक वाटते. प्रत्यक्षात मात्र ‘तयारी’ ही पायरी कधी संपतच नसे. पाकिटे चिकटविण्याचे किंवा मेणबत्त्या बनविण्याचे काम वर्षानुवर्षे करणारी व्यक्ती त्याच कामात निष्णात होई; पण त्यामुळे तिला दुकानात, कचेरीत किंवा गोदामात काम मिळण्याची शक्यता वाढत नसे.

या सूत्राला पहिले तडे बरेच आधी गेले होते. न्यूयॉर्क येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फाउंटन हाउस’ने सदस्यांना बाहेरच्या आस्थापनांत ठरावीक मुदतीची कामे मिळवून देण्याची पद्धत रुजविली. पुढे १९८० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी ‘आधी नियुक्ती, मग कामावरच प्रशिक्षण’ असा प्रयोग अमेरिकेत झाला आणि १९८६ च्या पुनर्वसन कायद्यातील दुरुस्त्यांनी ‘साहाय्यित रोजगार’ या संकल्पनेला शासकीय पाठबळ मिळवून दिले. बेकर आणि ड्रेक यांनी हे तत्त्व गंभीर मनोविकारांच्या क्षेत्रात आणून त्याला मानसिक आरोग्य केंद्राच्या उपचार-चमूशी जोडले. या पद्धतीला ‘वैयक्तिक नियुक्ती व साहाय्य’ असे म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘आयपीएस’ या नावाने ओळखली जाते.

न्यू हॅम्पशायर राज्यातील एका केंद्राने आपला दिवस-उपचार कार्यक्रम बंद करून त्याऐवजी साहाय्यित रोजगार सुरू केला, तेव्हा रुग्णांची प्रकृती बिघडेल आणि त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागेल अशी भीती व्यक्त झाली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही भीती खरी ठरली नाही; नोकरी करणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले. याच बदलाविषयी रुग्ण, कुटुंबीय आणि कर्मचारी यांच्या प्रतिक्रियाही पुढे नोंदविल्या गेल्या. बहुतेकांनी बदलाचे स्वागत केले, तथापि केंद्रात भेटणारी माणसे आता भेटत नाहीत, अशी खंत काहींनी व्यक्त केली. या खंतीकडे नंतरच्या चर्चेत फारसे लक्ष दिले गेले नाही. तिचा विचार पुढे केला आहे.

पद्धतीची तत्त्वे आणि साहाय्यकाचे काम

या पद्धतीची आठ तत्त्वे सांगितली जातात. खुल्या स्पर्धेतील नोकरी हेच उद्दिष्ट मानणे. काम करण्याची इच्छा असलेल्या कोणालाही न वगळणे. रोजगारसेवा मानसिक आरोग्यसेवेत मिसळणे. व्यक्तीच्या आवडीनिवडीस प्राधान्य देणे. नोकरीमुळे शासकीय अनुदानावर होणाऱ्या परिणामाची स्पष्ट माहिती देणे. नोकरीचा शोध विनाविलंब सुरू करणे. नियोक्त्यांशी पद्धतशीर संबंध जोडणे. आणि व्यक्तीला गरज असेल तोपर्यंत साहाय्य चालू ठेवणे.

यांपैकी दुसरे तत्त्व सर्वांत क्रांतिकारक म्हणावे लागेल. लक्षणांची तीव्रता, व्यसन, पूर्वीची धरसोड, रुग्णालयातील अलीकडचा मुक्काम यांपैकी कोणत्याही कारणाने माणसाला ‘अजून तयार नाही’ असे म्हणता येत नाही. ‘मला काम करायचे आहे’ एवढे त्याचे म्हणणे प्रवेशास पुरेसे असते. पात्रता ठरविण्याचा अधिकार येथे तज्ज्ञाकडून त्या व्यक्तीकडे येतो. मनोविकारशास्त्राच्या इतिहासात रुग्णाच्या शब्दाला एवढे वजन मिळाल्याची उदाहरणे विरळाच आहेत.

साहाय्यकाच्या कामाचे स्वरूपही लक्षणीय आहे. एका साहाय्यकाकडे वीसपेक्षा अधिक व्यक्ती सोपवू नयेत, त्याने आपला बहुतांश वेळ कचेरीबाहेर घालवावा, आठवड्यातून किमान सहा वेळा नियोक्त्यांना प्रत्यक्ष भेटावे आणि व्यक्ती कार्यक्रमात दाखल झाल्यापासून सुमारे एका महिन्यात नियोक्त्याशी पहिली प्रत्यक्ष भेट घडावी, असे दंडक आहेत. नियोक्त्याशी संबंध जोडण्याच्या रीतीला या क्षेत्रात ‘तीन कप चहा’ म्हटले जाते. पहिल्या भेटीत केवळ ओळख करून वेळ मागायची. दुसऱ्या भेटीत त्या व्यवसायाला कशा माणसांची गरज भासते, कोणती कामे अडून राहतात हे ऐकून घ्यायचे. आणि तिसऱ्या भेटीत, योग्य उमेदवार असेल तरच, त्याच्याविषयी बोलायचे. येथे दयेचे आवाहन नसते. आपल्या बाजारपेठांत दुकानदार नव्या माणसाची पारख ज्या संथपणाने करतो, त्याच्याशी ही रीत पुष्कळशी जुळणारी आहे.

उपचार-चमूशी असलेल्या जोडणीचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादी व्यक्ती रात्री घेतलेल्या औषधाच्या गुंगीमुळे सकाळी आठच्या पाळीला सतत उशिरा पोहोचते. नियोक्त्याच्या दृष्टीने हा बेशिस्तपणा असतो आणि डॉक्टरांपर्यंत ही गोष्ट पोहोचतच नाही, कारण बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांच्या भेटीत झोप आणि भास यांविषयीच विचारणा होते. साहाय्यक चमूच्या बैठकीत बसत असेल, तर औषधाची वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, हा प्रश्न तो मांडू शकतो. किंवा दुपारच्या पाळीची मागणी करू शकतो. क्लोझापिनसारख्या औषधासाठी सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. त्या दिवशी कामावर काय सांगायचे, रजा कोणत्या कारणाने मागायची, हेही ठरवावे लागते. यांतील एकेक बाब किरकोळ दिसते. पण अनेकांची नोकरी जाते ती अशाच बाबींमुळे.

संशोधनाचे मूल्यमापन

या पद्धतीची कीर्ती मुख्यतः यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांवर आधारलेली आहे. न्यू हॅम्पशायर येथील १९९६ च्या अभ्यासात १४३ व्यक्ती होत्या. अठरा महिन्यांत आयपीएस गटातील सुमारे ७८ टक्के, तर गट-प्रशिक्षणानंतर नोकरी शोधणाऱ्या तुलनागटातील सुमारे ४० टक्के व्यक्तींना खुल्या बाजारातील काम मिळाले. वॉशिंग्टन शहरातील १९९९ च्या अभ्यासात ही तफावत अधिक ठळक होती : सुमारे ६१ टक्के विरुद्ध ९ टक्के. त्या अभ्यासातील तुलनागटाला मुख्यत्वे संरक्षित कार्यशाळाच मिळाल्या, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे.

युरोपातील लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा शहरांत ३१२ व्यक्तींवर झालेल्या आणि २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ५५ टक्के विरुद्ध २८ टक्के असे आढळले. आयपीएस गटातील व्यक्तींना पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाणही कमी होते. कामाच्या ताणाने आजार बळावतो, या सर्वसाधारण समजुतीला त्यामुळे पुष्टी मिळत नाही. याउलट दक्षिण लंडनमधील २१९ व्यक्तींच्या अभ्यासात (२०१०) एका वर्षानंतर १३ टक्के विरुद्ध ७ टक्के असा अल्प फरक दिसला आणि तो संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. तरीही आजवरच्या पंचविसाहून अधिक चाचण्यांचा एकत्रित कल आयपीएसच्या बाजूने आहे, हे मान्य करावेच लागेल.

परंतु या आकड्यांचे वाचन करताना तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये. पहिली, ‘नोकरी मिळाली’ याची व्याख्या. युरोपीय अभ्यासात किमान एक दिवस खुल्या बाजारात काम केलेली व्यक्ती यशस्वी गणली गेली. एक दिवसाची नोकरी आणि एक वर्षाची नोकरी यांचे वजन या मुख्य मोजणीत सारखेच होते. दुसरी, कामाचा दर्जा. मिळालेली कामे पुष्कळदा अर्धवेळ आणि प्रारंभिक स्तरावरील असतात. त्यांतून स्वतंत्र उपजीविका क्वचितच शक्य होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे परिस्थितीचा प्रभाव. युरोपीय अभ्यासातच असे आढळले की, स्थानिक बेकारीच्या प्रमाणानुसार या पद्धतीचे यश पुष्कळ अंशी कमीजास्त होते. याचा अर्थ असा की, साहाय्यक कितीही कुशल असला तरी तो नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. अपयशाचे खापर मात्र साहाय्यकावर, आणि अंतिमतः रुग्णावर, फुटण्याचा धोका राहतो.

मोजमापातून निसटणारे

आयपीएसच्या अंमलबजावणीची शुद्धता तपासण्यासाठी एक मोजपट्टी वापरली जाते. १९९७ मधील पहिल्या मोजपट्टीत १५, तर २००८ मधील सुधारित मोजपट्टीत २५ घटक आहेत. नावापुरते आयपीएस चालविणाऱ्या संस्थांना आळा घालण्याच्या दृष्टीने तिचा उपयोग निर्विवाद आहे. तथापि साहाय्यकाच्या कामातील सर्वांत कठीण निर्णय तिच्या चौकटीत मावत नाहीत.

असा पहिला निर्णय आजार सांगण्याचा. नियोक्त्याला आजाराविषयी सांगावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. सुधारित मोजपट्टी या विषयावर चर्चा झाली की नाही हे पाहते. पण चर्चा कशी झाली, हे ती पाहू शकत नाही. सांगितले तर सवलत मागता येते आणि साहाय्यकाला नियोक्त्याशी उघडपणे बोलता येते; परंतु प्रत्येक चूक त्यानंतर आजाराच्या खात्यावर जमा होते. न सांगितले तर सन्मान टिकतो. मात्र कामावरील प्रत्येक दिवस गुपित सांभाळण्यात जातो. शिवाय न सांगणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत साहाय्यकाचे नियोक्त्याशी संपर्क साधण्याचे साधनच हिरावले जाते आणि त्याचे काम कठीण होते. म्हणजे आजार उघड करण्यात साहाय्यकाची स्वतःची सोय दडलेली असते. ही सोय ओळखून ती बाजूला ठेवणे हा या व्यवसायातील नैतिकतेचा गाभा होय. कोणत्याही मोजपट्टीवर त्याचे गुण मिळत नाहीत.

दुसरा पेच ‘विनाविलंब शोध’ आणि ‘व्यक्तीची आवड’ या दोन तत्त्वांमधील आहे. महिन्याभरात नियोक्त्यांच्या भेटी सुरू व्हाव्यात असा दंडक असताना, ग्रंथालयात काम करण्याची इच्छा असलेल्या व्यक्तीला उपाहारगृहातील भांडी घासण्याचे काम सुचविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. बेकर आणि ड्रेक यांचा ग्रंथ आवडीला प्राधान्य देतो, यात शंका नाही. परंतु संस्थेचे अनुदान जेव्हा नियुक्त्यांच्या संख्येशी बांधले जाते, तेव्हा पहिले मिळेल ते काम पदरात टाकण्याकडे कल झुकतो. एखादी नोकरी तिसऱ्या आठवड्यात सुटली तर ते अपयश न मानता त्या अनुभवातून पुढच्या कामाची दिशा शोधावी, ही या पद्धतीची भूमिका सुज्ञपणाची आहे. मात्र ज्याची नोकरी सुटली त्याला त्या रात्री ती भूमिका कोणीतरी समजावून सांगावी लागते. ते काम साहाय्यकाचे असते आणि त्याची नोंद ‘संपर्क : एक’ एवढीच होते.

तिसरी बाब पूर्वी उल्लेखिलेल्या खंतीची. दिवस-केंद्रे बंद झाली तेव्हा काही व्यक्तींना नोकरी मिळाली. पण ज्यांना ती मिळाली नाही किंवा टिकली नाही त्यांची बसण्याची जागाही गेली. नोकरी हा सामाजिक सहवासाचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. केवळ रोजगाराचे प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासात एकटेपणाचा हिशेब सहसा मुख्य रकान्यात येत नाही. काम करण्याची इच्छा हा प्रवेशाचा निकष मानताना, काम न करण्याची इच्छाही तेवढीच मान्य केली पाहिजे. अन्यथा हक्काच्या भाषेत सुरू झालेली सेवा शासनाचा खर्च कमी करण्याच्या सक्तीत परिवर्तित होऊ शकते.

भारतीय संदर्भ

भारतात मनोविकार आणि रोजगार यांचे नाते अमेरिकेपेक्षा वेगळ्या वाटेने गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्किझोफ्रेनियाविषयक आंतरराष्ट्रीय अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते. विकसनशील देशांतील रुग्णांची दीर्घकालीन स्थिती तुलनेने बरी आढळते, हा त्यातील निष्कर्ष पुष्कळ गाजला. शेती, घरगुती धंदा आणि एकत्र कुटुंब यांमुळे आजारी माणूस कामातून पूर्णपणे बाहेर फेकला जात नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. मात्र २००८ मध्ये कोहेन, पटेल, थारा आणि गुरेजे यांनी या गृहीतकालाच प्रश्न विचारला. कुटुंबाचा आधार सर्वांना सारखा मिळत नाही आणि अनेक रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे विसरून या निष्कर्षाचे सरसकट गोडवे गाणे योग्य नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले, ही वस्तुस्थिती या संदर्भात बोलकी आहे.

कायद्याच्या पातळीवर बदल घडले आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने मनोविकाराचा अपंगत्वाच्या व्याख्येत समावेश केला. परंतु ३ टक्के आरक्षणाची वाटणी दृष्टी, श्रवण आणि हालचालीशी संबंधित अपंगत्वांपुरतीच ठेवली. म्हणजे व्याख्येत स्थान होते, नोकरीत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने शासकीय आस्थापनांतील आरक्षण ४ टक्के केले आणि त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुविकलांगता या सर्वांसाठी मिळून ठेवला. याच कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई केली आणि आस्थापनांना समान संधीचे धोरण प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा आणि आजाराविषयीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मानसिक अपंगत्वाशी निगडित वर्तनावरून सुरू केलेली शिस्तभंगाची कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरते, असा निर्णय दिला. हा निर्णय या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा मानला पाहिजे.

असे असूनही या तरतुदींमध्ये एक अंतर्विरोध आहे. आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मनोविकारासाठी ते भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुनर्वसन समितीने विकसित केलेल्या ‘आयडियाज’ या मापनश्रेणीवरून ठरते. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम हे तिचे चार मुख्य घटक आहेत. म्हणजे नोकरी मागणाऱ्याने प्रथम, काम करण्यातील आपली अक्षमता सिद्ध करायची आणि त्यानंतर त्याच प्रमाणपत्राच्या आधारे काम करण्याची क्षमता पटवून द्यायची. त्यात विवाहयोग्य वयाची व्यक्ती असेल, तर ‘मनोविकार’ असा शिक्का असलेला कागद घेण्यास कुटुंबच तयार होत नाही. गोपनीयतेचा हक्क एका कायद्याने दिला आणि आरक्षणासाठी आजार उघड करण्याची अट दुसऱ्याने घातली. या दोहोंमधून वाट काढून देणारा माणूस कोणत्याही कायद्यात नाही. खासगी आस्थापनांच्या धोरणात नियमांनुसार संपर्क अधिकाऱ्याची तरतूद आहे; पण तो आस्थापनेचा प्रतिनिधी असतो, उमेदवाराचा सोबती नव्हे.

आरोग्ययंत्रणेतही हीच उणीव आढळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि नोंदी ठेवणारे कर्मचारी यांची पदे आहेत. रोजगारासाठी स्वतंत्र पद नाही. जे काही घडते ते सामाजिक कार्यकर्त्याच्या वैयक्तिक तळमळीवर किंवा स्वयंसेवी संस्थांच्या उपक्रमांवर अवलंबून असते. चेन्नईतील ‘स्कार्फ’ ही संस्था १९८४ पासून स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या पुनर्वसनात कार्यरत आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ या क्षेत्रीय प्रकल्पाने मनोविकारातून सावरणाऱ्या स्त्रियांच्या निवासाची आणि उपजीविकेची सांगड घातली. हे प्रयत्न मोलाचे असले तरी ते यंत्रणेची जागा घेऊ शकत नाहीत.

या संदर्भात तामिळनाडू, गोवा आणि सातारा येथे झालेल्या ‘कोप्सी’ अभ्यासाचा (२०१४) विचार उद्बोधक ठरतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ व्यक्तींच्या या चाचणीत एका गटाला रुग्णालयातील उपचारांबरोबरच स्थानिक, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांची घरपोच सेवा मिळाली. औषधांचे सातत्य, कुटुंबाशी संवाद, कलंकाचा मुकाबला आणि सामाजिक व रोजगाराच्या संधींशी जोडणी ही त्यांची कामे होती. परिणाम माफक होते आणि सर्व ठिकाणी सारखे नव्हते. पण पदवीधर तज्ज्ञ नसलेली, गावातीलच व्यक्ती हे काम करू शकते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे, कारण सातारा जिल्ह्यातील अनुभव परदेशातील पुराव्यापेक्षा अधिक जवळचा आहे.

स्वीकार कसा व्हावा?

आयपीएस पद्धती भारतात जशीच्या तशी उचलता येणार नाही. ‘खुल्या स्पर्धेतील नोकरी’ म्हणजे किमान वेतन देणारी आणि कोणालाही अर्ज करता येईल अशी नोकरी, ही तिची व्याख्या नियमित रोजगाराचा बाजार गृहीत धरते. येथे बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात काम करतात. शेती, किराणा दुकान, शिवणकाम, रिक्षा, डबे पोहोचविणे, बांधकामावरील मजुरी ही कामे त्या व्याख्येबाहेर राहतात. ती यशात धरली नाहीत तर पद्धती अप्रस्तुत ठरेल. सरसकट धरली, तर घरच्या दुकानात विनामोबदला राबणारा भाऊ किंवा दिवसभर स्वयंपाकघरात जुंपलेली सून हीदेखील ‘पुनर्वसित’ म्हणून नोंदली जाईल.

यावर एक निकष सुचविता येईल. कामाचा मोबदला त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती येतो का आणि ते काम सोडण्याची मुभा तिला आहे का, हे दोन प्रश्न विचारले जावेत. कौटुंबिक धंद्यात काम करणाऱ्या व्यक्तीला ठरलेली रक्कम दरमहा तिच्या बँक खात्यात मिळत असेल, तर ते काम खऱ्या अर्थाने रोजगार ठरते. स्त्रियांच्या बाबतीत हा निकष अधिकच आवश्यक आहे. कारण त्यांचे घरकाम आजारपणात अपेक्षिले जाते आणि बरे झाल्यावर मोजले जात नाही. कुटुंबाशी हा व्यवहार ठरविण्याचे नाजूक काम भारतीय रोजगार-साहाय्यकाला करावे लागेल. अमेरिकी साहाय्यकाच्या ‘तीन कप चहा’पैकी निदान एक येथे घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर घ्यावा लागेल.

अनुदानाविषयीचे मार्गदर्शनही येथे अप्रस्तुत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या, उत्पन्नाची मर्यादा असलेल्या योजनेचा लाभ घेणाऱ्या घरात नोकरीची बातमी आनंदाबरोबर धास्तीही आणते. चार महिन्यांत नोकरी सुटली आणि दरम्यान अनुदानही बंद झाले तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे नेमके उत्तर देणारा माणूस तहसील कचेरीच्या खिडकीवर भेटत नाही. साहाय्यकाला ही माहिती असली पाहिजे.

समारोप

आयपीएस पद्धतीचे ऐतिहासिक श्रेय हे की, बरे होण्याची वाट पाहून काम मिळत नाही, तर काम करता करता माणूस सावरतो, ही गोष्ट तिने भक्कम पुराव्यानिशी पुढे आणली. तिची मर्यादा ही की, यश मोजताना तिने नियुक्तीचा दिवस मोजला आणि त्या दिवसापर्यंत व त्यानंतर साहाय्यकाने दाखविलेला विवेक बव्हंशी गृहीत धरला. आजार सांगावा की लपवावा, मिळेल ते काम घ्यावे की थांबावे, सुटलेल्या नोकरीचा अर्थ कसा लावावा, हे प्रश्न संबंधित व्यक्तीच्या शेजारी बसूनच सोडवावे लागतात.

भारतात २०१६ आणि २०१७ च्या कायद्यांनी हक्कांची भाषा दिली आहे. या हक्कांना व्यवहारात उतरविण्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत रोजगार-साहाय्यकाचे एक पद निर्माण करणे, त्याच्याकडील व्यक्तींची संख्या मर्यादित ठेवणे आणि त्याचे मूल्यमापन केवळ नियुक्त्यांच्या संख्येवर न करणे, एवढी सुरुवात अवघड नाही. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांनाही यात भूमिका आहे. क्षेत्रकार्यासाठी रुग्णालयात जाणारा विद्यार्थी रुग्णाचा इतिहास लिहिण्यास शिकतो. त्याच रुग्णासाठी एखाद्या दुकानदाराला भेटण्यास तो शिकत नाही. अभ्यासक्रमात या भेटीला जागा मिळाली, तर ‘अजून थोडे थांबा’ या उत्तरावर अडलेल्या अनेक घरांना पुढचे पाऊल टाकण्यासाठी कोणाचा तरी हात धरता येईल.